नवी गाडी, मग पासिंग कशाला?



परिसर अभ्यासात वाहने शिकवताना आमच्या कुंभिवलीच्या एका मुलाने विचारलं, "सर, बाहेरच्या देशातून आणलेली गाडी लगेच चालवता येते का?" उत्तर आहे, नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याआधी त्या मॉडेलचे ब्रेक, दिवे, धूर तपासले जातात. घाट चढून गेलं की पुण्यात एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था हे काम करते. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, शिवाय ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. पुढे तिचीही तपासणी होते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी तपासणी, मग विक्री, मग पासिंग. पालकहो, स्वस्त मिळते म्हणून पैसे मोजण्याआधी फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) मागा. कागद नसतील तर गाडी दारात उभीच राहील आणि पैसे अडकतील.

उपक्रम: मुलांनो, घरच्या गाडीचं आरसी बुक पाहून नोंदणीची तारीख वहीत लिहा.