घराच्या जोत्याची निगा : रोहिणीत एकदा, दिवाळीनंतर एकदा



मे महिना संपत आला की आपल्या बेळगावात घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले शाकारली जातात, फुटकी कौले बदलली जातात, पन्हळीतला पालापाचोळा काढला जातो. सर्वांचे लक्ष छपराकडे असते. ज्याच्यावर सारे घर उभे आहे, त्या जोत्याकडे मात्र क्वचितच कोणी वाकून पाहतो. या पाठात आपण जोत्याची ओळख करून घेऊ आणि त्याची निगा कशी राखायची ते शिकू.

जोते कशासाठी?

पायाचा जमिनीच्या वर दिसणारा भाग म्हणजे जोते. जुन्या घरांत दोन-तीन पायऱ्या चढल्याशिवाय ओसरीवर जाता येत नाही, ते या जोत्यामुळेच. शहरात काळ्या दगडाचे, तर खानापूरच्या बाजूला जांभ्याचे जोते पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यावर मातीच्या किंवा विटांच्या भिंती असतात. भिंतीचे पाय पाण्यापासून दूर ठेवणे हे जोत्याचे मुख्य काम आहे.

आता पुष्कळ ठिकाणी हे काम नीट होत नाही. रस्त्यावर थरावर थर पडून रस्ता उंच झाला आणि जोते बुटके राहिले. अंगणात फरशी बसली, तिचा उतार घराकडे झाला. पूर्वी सारवलेल्या जमिनीतून ओल सहज वर येऊन वाळून जाई. आता फरशीखाली कोंडलेली ओल भिंतीची वाट धरते.

एक सोपा प्रयोग

एका ताटलीत बोटभर पाणी घ्या. त्यात एक कोरडी वीट उभी करा आणि दर अर्ध्या तासाने ओल कुठवर चढली तेथे पेन्सिलीने खूण करा. निरांजनाची वात जशी तेल वर ओढते, तशीच वीट पाणी वर ओढते. यालाच विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण म्हणतात. आता दुसरी वीट आडवी ठेवा, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावर तिसरी वीट ठेवा. खालची वीट भिजेल, वरची कोरडी राहील. नव्या बांधकामात जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर देतात तो याचसाठी. जुन्या घरांत असा थर बहुधा नसतो. म्हणून तेथे पाणी जोत्यापाशी साचू न देणे हाच उपाय उरतो.

धोका केव्हा असतो?

पहिल्या पावसात भिंत कोसळते असे आपल्याला वाटते. पण खरी कसोटी पावसाळा सरताना, हस्ताच्या पावसात असते. चार महिने ओल पिऊन मातीच्या भिंतीची ताकद कमी झालेली असते आणि सर्वांत जास्त भार तिच्या तळाच्या भागावर असतो. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्याच तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेली घराची भिंत कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलीही होत्या. ते दिवस हस्त नक्षत्राचेच होते. म्हणून पाऊस ओसरला की धोका संपला, असे समजू नये.

रोहिणी नक्षत्रातील कामे (मेअखेर)

१. घराभोवती फेरी मारा. भिंतीपासून तीन फुटांपर्यंत जमिनीला बाहेरच्या बाजूस निदान दोन इंच उतार हवा. खळगे मुरुमाने भरून चोपून घ्या.

२. पागोळ्या जिथे पडतात तिथे चर पडतो. तेथे फरशीचे तुकडे किंवा खडी टाका. पन्हळीचे पाणी नळाने गटारापर्यंत न्या.

३. घुशींची बिळे दगडाचे तुकडे आणि मसाला घालून बुजवा. बिळातून पाणी थेट पायात शिरते. बिळात हात घालू नका. साप-विंचू असू शकतो. हे काम मोठ्यांनी, बूट घालून करावे.

४. भिंतीला टेकवलेली लाकडे, पोती, रद्दी हलवा. त्यांच्याआड वाळवी वर चढते. मातीची बारीक नळी जोत्यावरून वर गेलेली दिसली तर ती वाळवीची वाट समजावी. औषध जाणकाराकडूनच मारून घ्यावे.

५. भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली तर तडा वाढतो आहे.

दिवाळीनंतरची कामे

ऊन पडू लागले की भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा दिसतो. तो पाण्याने धुऊ नका, नाहीतर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशाने झाडून केर बाहेर टाका. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळा. वरून भिंत कोरडी दिसते, पण आत ओल कोंडून माती भुसभुशीत होते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. जोत्याच्या दगडांमधले दर्जे निघाले असतील तर तेही याच दिवसांत भरावेत. मात्र भिंत पुरती वाळल्याशिवाय गिलाव्याची घाई करू नये.

केव्हा थांबू नये?

भिंतीला पोट सुटले, तडा दिवसागणिक रुंदावू लागला, दार अचानक अडकू लागले किंवा भिंतीतून माती झरू लागली, तर डागडुजीची वेळ गेली असे समजावे. त्या खोलीत कोणी झोपू नये आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूसही कोणी बसू नये. ग्रामपंचायतीला किंवा महानगरपालिकेला लगेच कळवावे. शेजारी एकटे वृद्ध राहत असतील तर त्यांच्या भिंतीकडेही आपणच पाहिले पाहिजे.

उपक्रम

पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घराच्या चारही बाजूंचे साधे चित्र वहीत काढावे. पाणी कुठे साचते, लोणा कुठे आहे, तडा कुठे आहे याच्या खुणा करून ते पालकांना दाखवावे. दिवाळीनंतर तीच फेरी पुन्हा मारून काय बदलले ते लिहावे. शाळेच्या इमारतीलाही जोते आहे. विश्वस्त मंडळींनी विद्यार्थ्यांबरोबर तशीच एक फेरी शाळेभोवती मारावी, अशी आमची विनंती आहे. या फेरीला अर्धा तास पुरतो आणि खर्च काहीच नाही.