खोकं उलगडून बस

चि. सानूस,


तुझ्या आईने सरावपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवले, ते काल रात्री शांतपणे बघितले. तुला विषय येत नाही असं अजिबात नाही. आकृत्या स्वच्छ आहेत, अक्षर चांगलं आहे. गुण गेलेत ते एकाच सवयीमुळे. मेणबत्तीच्या खोक्यासाठी कार्डबोर्ड का योग्य, या प्रश्नाला तू लिहिलंयस: मजबूत आहे, स्वस्त आहे, पर्यावरणाला चांगलं आहे. हे तिन्ही शब्द कुठल्याही वस्तूला चिकटवता येतात, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी असं लिहिलं असतंस तर? ‘300 जीएसएमचा सॉलिड व्हाइट बोर्ड क्रीज पाडली की न तडकता दुमडतो, म्हणून खोकी कारखान्यातून सपाट गठ्ठ्याने निघतात आणि दुकानात उभी करता येतात, ट्रकमध्ये जागा कमी लागते.’ यात गुणधर्म आहे, त्याचं कारण आहे, आणि त्या कारणाचा या खोक्याशी संबंधही आहे. प्रश्नात ‘एक्स्प्लेन’ म्हटलं की तपासणाऱ्याला हेच हवं असतं. ‘स्टेट’ असेल तिथे मात्र एक ओळ लिही आणि पुढे जा.

तुझा एक्यूए या परीक्षा मंडळाचा डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचा पेपर दोन तासांचा आणि 100 गुणांचा. एकूण गुणांपैकी निम्मे प्रोजेक्टचे, ते काम तू आधीच केलंयस; उरलेले निम्मे या पेपरात आहेत. पहिल्या भागाचे 20, दुसऱ्याचे 30 आणि तिसऱ्याचे 50. पहिल्या भागात लाकूड, धातू, कापड, इलेक्ट्रॉनिक्स असं सगळं थोडं थोडं येतं. त्यासाठी शाळेच्या नोट्स पुरेत, रोज अर्धा तास वाच. खरा वेळ दे तो कागद आणि बोर्डाला. आणि हा वेळ वहीसमोर नव्हे, रिकाम्या खोक्यांसमोर घालव.

स्वयंपाकघरातलं टूथपेस्टचं, सीरियलचं, चहाचं खोकं घे. कात्री लावू नकोस. चिकटवलेली पट्टी नखाने हळूच सोडव आणि खोकं टेबलावर सपाट पसर. आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये नवा मुलगा आला की त्यालाही आधी हेच करायला लावतो. प्रत्येक भागाकडे बोट दाखवून मोठ्याने सांग: ही ग्लू टॅब, हे टक-इन फ्लॅप, हे बाजूचे डस्ट फ्लॅप. मग स्वतःला विचार: टक फ्लॅपचे कोपरे गोलसर का कापलेत? कारण चौकोनी कोपरा आत सरकताना अडतो आणि वळतो. ग्लू टॅबची टोकं तिरकी का? कारण सरळ असती तर वरची-खालची झाकणं दुमडताना मध्ये आली असती. ग्लू टॅबवर छपाई का नाही? कारण शाईवर, वॉर्निशवर गोंद नीट धरत नाही. एका खोक्यातून अशी आठ-दहा कारणं निघतात, आणि एकदा हाताने शोधलेलं कारण परीक्षेत विसरायला होत नाही.

मग सपाट पसरलेल्या खोक्याचा हा आकार, म्हणजे त्याचं नेट, कागदावर काढ. कापायची रेष सलग, दुमडायची तुटक. हे दोन्ही एकाच फटक्यात कसं होतं, ते तुझ्या उत्तरात अर्धवट आलंय. प्लायवूडमध्ये लेझरने चिरा पाडून त्यात स्टीलच्या पट्ट्या बसवतात, हीच डाय. कापणारी पट्टी धारदार आणि किंचित उंच. क्रीज पाडणारी बोथट, गोल कडेची आणि जराशी बुटकी. पात्यांच्या शेजारी रबर लावतात, ते दाबलेला बोर्ड परत ढकलून बाहेर काढतं. ही रबराची ओळ लिहिलीस की तपासणाऱ्याला कळेल, या मुलीला डाय म्हणजे काय ते ठाऊक आहे. एकाच फटक्याची ही कल्पना ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर नावाच्या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराला 1879 मध्ये सुचली. बियाण्यांच्या पिशव्या छापताना घडी पाडणारी एक धातूची पट्टी वर सरकली आणि पिशव्या चिरल्या गेल्या. माल वाया गेला, पण कापणं आणि दुमडणं एकाच यंत्रावर होऊ शकतं हे त्याने ओळखलं. आज दुकानात दिसणारं घडीचं खोकं तिथून आलं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता गणित. पेपरात किमान 15 टक्के गुण गणिताचे असतात आणि तू ती पानं सोडून पुढे गेलीस, हे मला पटलं नाही. पाठ करण्यासारखं थोडंच आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ए-झीरोचा तक्ता 1 चौरस मीटर, ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून 80 जीएसएमच्या ए-फोर कागदाचं वजन 80 भागिले 16, म्हणजे 5 ग्रॅम. बस.

तक्त्यावर किती नेट बसतील, हा प्रश्न मात्र नीट समजून घे. समज, तक्ता 450 बाय 640 मिमी आणि नेट 185 बाय 255 मिमीच्या चौकटीत मावतं. क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागलंस तर 6.1 येतं आणि तू 6 लिहून मोकळी होशील. पण सहा बसत नाहीत. 450 मध्ये 185 दोनदा जातं, 640 मध्ये 255 दोनदा, म्हणजे 4. सगळी नेटं आडवी फिरवलीस तर तीनच. मग एका बाजूला दोन उभी आणि शेजारी तीन आडवी ठेवून बघ: 185 अधिक 255 म्हणजे 440, रुंदीत मावलं, तीन आडव्यांची उंची 555, तीही मावली. झाली पाच. वाया जाणारा बोर्ड साडेचौतीस टक्क्यांवरून सुमारे अठरावर आला. कागदावर हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे. शेजारी छोटी आकृती काढच.

शॉपमध्ये मात्र मी तरीही चारच लावीन. बोर्डाला ग्रेन असतो, सगळे तंतू साधारण एका दिशेने झोपलेले असतात. खोक्याच्या मुख्य उभ्या घड्यांना ग्रेन आडवा पाहिजे, नाहीतर भरलेल्या खोक्याच्या भिंती फुगतात. पाचातली तीन नेटं फिरवली की त्यांचा ग्रेन घड्यांना समांतर झाला. आकडेमोडीनंतर एवढं एक वाक्य जोडलंस तर ‘इव्हॅल्युएट’च्या प्रश्नात तुझं उत्तर उठून दिसेल. ग्रेन बघायचा असेल तर सीरियलच्या खोक्याची एक पट्टी उभी फाड, एक आडवी. एक सरळ फाटेल, दुसरी वेडीवाकडी.

छपाईच्या पद्धती पाठ करताना प्रत्येकीसमोर नगांची संख्या लिही. लाखभर मासिकं, मोनो कार्टन म्हणजे ऑफसेट. वेफर्सची पाकिटं, कोरुगेटेड खोकी म्हणजे फ्लेक्सो. पन्नास लग्नपत्रिका म्हणजे डिजिटल, कारण प्लेट बनवायचा खर्च पन्नासांवर पसरत नाही. ऑफसेटचं तत्त्व, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे 1796 पासून लिथोग्राफीत आहे. तेव्हा दगडावर चालायचं. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रं अशाच दगडांवरून निघाली, आणि तो छापखाना पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता. आजीच्या देवघरातली लक्ष्मी तू पाहिली आहेस. त्या धाटणीच्या चित्रात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. आता सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक यांच्या चार प्लेटा लागतात, आणि त्या एकमेकांवर तंतोतंत बसल्या का ते बघायला कडेला रजिस्ट्रेशन मार्क. चिप्सच्या पाकिटाच्या जोडाखाली किंवा खोक्याच्या फ्लॅपवर रंगांचे ठिपके शोध, सापडतील.

पर्यावरणावरच्या प्रश्नात ‘रिसायकल होतं’ एवढ्यावर थांबू नकोस. ज्यूसच्या टेट्रा पॅकमध्ये सुमारे तीन चतुर्थांश बोर्ड असतो, उरलेलं पॉलिथिन आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. पॉलिथिन ओल थांबवतं, अ‍ॅल्युमिनियम उजेड आणि हवा. म्हणून ज्यूस फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. पण थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे ते वेगळे करायला खास यंत्रणा लागते. दोन्ही बाजू लिही, मग तुझं मत लिही. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2022 पासून प्लॅस्टिक पॅकेजिंगवर कर आहे. 30 टक्क्यांपेक्षा कमी पुनर्वापरित प्लॅस्टिक असेल तर तो लागतो. कंपन्या कागदाकडे का वळताहेत, याचं एक कारण म्हणून हे वापरता येईल.

रविवारी मी फोन करेन तेव्हा दोन खोकी सपाट करून समोर ठेव. एक टूथपेस्टचं आणि एक जड वस्तूचं, ज्याचं बूड आपोआप लॉक होतं असं. दोघांच्या बुडांत फरक का, हे मी तुला विचारणार आहे. ए-फोरवर त्यांची नेटं मापात काढून ठेवलीस तर फोटो आधी पाठव, म्हणजे मी खुणा करून ठेवीन. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा