चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम परत कशी मिळवावी?

समजा, सत्तरी तालुक्यातील एका काजू बागायतदाराने मजुरीचे अठरा हजार रुपये मुकादमाच्या खात्यात बँकेमार्फत पाठविले. खातेक्रमांक लिहिताना शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली. मुकादमाचे नाव अचूक लिहिलेले होते, तरीही रक्कम एका तिऱ्हाइताच्या खात्यात जमा झाली. नाव बरोबर असताना असे कसे घडले, हा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे.

नाव नव्हे, क्रमांक

एनईएफटी किंवा आरटीजीएस या पद्धतीने पाठविलेली रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले असून, अचूक माहिती देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर ठेवली आहे. लिहिलेला क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर रक्कम पाठविणाऱ्याच्या खात्यात परत येते. खरी अडचण उद्भवते ती हा क्रमांक दुसऱ्या एखाद्या खातेदाराचा असतो तेव्हा.

प्रथम काय करावे?

चूक लक्षात येताच, शक्यतो त्याच दिवशी, आपले खाते असलेल्या शाखेत लेखी अर्ज द्यावा. केवळ तोंडी सांगून थांबू नये. अर्जात पुढील बाबी असाव्यात :

१. आपले नाव व खातेक्रमांक.
२. व्यवहाराची तारीख, वेळ व रक्कम.
३. बँकेने त्या व्यवहारास दिलेला क्रमांक.
४. ज्या खात्यात रक्कम गेली तो क्रमांक, आणि ज्या खात्यात ती जावयास हवी होती तो क्रमांक.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेऊन ती जपून ठेवावी. मोबाइलवरून यूपीआयने रक्कम पाठविली असल्यास त्या ॲपमध्येही तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा.

आपली बँक ही माहिती समोरच्या बँकेस कळविते आणि ती बँक आपल्या खातेदाराशी संपर्क साधते. त्याने संमती दिल्यास रक्कम परत येते. सामान्यतः त्याच्या संमतीवाचून बँक ती रक्कम परस्पर काढून घेत नाही. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे बँकेवर बंधनकारक असल्याने त्याचे नाव-पत्ताही ती सहसा देत नाही. यात शाखेतील कर्मचाऱ्यांचा आडमुठेपणा आहे, असे समजू नये.

खातेदाराने नकार दिल्यास

चुकून मिळालेले पैसे स्वतःकडे ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेली रक्कम परत करणे बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. अशा दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. रक्कम आपली नाही हे ठाऊक असूनही अप्रामाणिकपणे वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो.

बँकेने तक्रारीची दखलच घेतली नाही किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो. पाठविणाऱ्याच्या चुकीची भरपाई तो करून देत नाही.

आपल्या खात्यात अनोळखी रक्कम आल्यास

ती खर्च करू नये. आपल्या शाखेस लेखी कळवावे. "माझे पैसे चुकून आपणाकडे आले, ते या क्रमांकावर पाठवा," असा दूरध्वनी आल्यास घाईने पैसे पाठवू नयेत. रक्कम जमा झाल्याचा खोटा संदेश पाठवून लुबाडण्याचे प्रकार घडतात. प्रथम आपल्या खात्यातील शिल्लक पाहावी. रक्कम खरोखर आली असली, तरी ती बँकेमार्फतच परत करावी. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

चूक टाळण्यासाठी

एनईएफटी व आरटीजीएसने रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. या सोयीस शुल्क नाही. नाव जुळल्याशिवाय रक्कम पाठवू नये. नव्या खात्यात प्रथम एक रुपया पाठवून तो पोहोचल्याची खात्री करावी आणि मगच उरलेली रक्कम पाठवावी.

ज्यांना अर्ज लिहिणे अवघड जाते, त्यांना गावातील शिक्षकांनी व पंचायतीच्या सचिवांनी तो लिहून द्यावा. समोरच्या खातेदाराने रक्कम काढून घेण्यापूर्वी अर्ज पोहोचणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी एक दिवसाचा विलंबही महाग पडू शकतो.