कास्तकाराची पिकअप गाडी : खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब

आमचे वडनेर भोलजी हे गाव नांदुरा व मलकापूर यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. दोन्हीकडे बाजार समित्या असल्यामुळे येथील कास्तकारास मालाच्या वाहतुकीचा प्रश्न नित्याचाच होय. एकाच गाडीने कापूस, सोयाबीन व तूर बाजारास न्यावी आणि तिनेच कुटुंबास शेगावी अथवा सोयऱ्यांच्या गावी पोहोचवावे, अशी अनेकांची इच्छा असते. ही इच्छा रास्त आहे. परंतु ती सुरक्षितपणे व ऐपतीत कशी साधावी, याचा विचार प्रस्तुत लेखी करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. ओझे. प्रथम आपला माल मोजावा, मग गाडी पाहावी. २००५ साली निघालेली टाटा एस ही लहान गाडी सुमारे ७५० किलो माल नेते. २०११ साली आलेल्या अशोक लेलँड दोस्तची शक्ती सुमारे सव्वा टनाची. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये १.३ व १.७ टनांचे प्रकार आहेत, तर २०२२ साली आलेली टाटा योधा २.० ही दोन टनांपर्यंत माल नेते. १.३ टन म्हणजे १३ क्विंटल सोयाबीन, अथवा डीएपी खताची ५० किलोची २६ पोती. कापूस व कुटार यांची गोष्ट निराळी. तेथे वजन पुरे होण्याआधीच हौदा भरतो. म्हणून धान्य व खत वाहणाऱ्याने वजनाकडे, आणि कापूस व कुटार वाहणाऱ्याने हौद्याच्या लांबीरुंदीकडे अधिक लक्ष द्यावे. नोंदणीपुस्तकातील वजनाहून अधिक भरल्यास, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १९४ अन्वये २०,००० रुपये, व शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

२. डिझेल इंजिन. विहिरीवरील इंजिनामुळे डिझेल यंत्राची ओळख आपणांस जुनीच आहे. त्यात ठिणगी लागत नाही. हवा अतिशय दाबली गेली म्हणजे तापते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. म्हणूनच हे यंत्र कमी फेऱ्यांतही चांगले ओढते व तेल कमी खाते. परंतु हा दाब सोसण्यासाठी ते भक्कम करावे लागते, म्हणून महागही पडते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांमुळे या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी काही काळ सलग व तापून चालली म्हणजेच ती काजळी जळते. केवळ घर ते शेत अशा आखूड फेऱ्या करणाऱ्याची गाळणी लवकर तुंबते. अशाने अधूनमधून महामार्गावर लांब फेरी करावी, आणि गाळणीचा इशारा देणारा दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये.

३. जमाखर्च. आमचा जन्म महसुली दप्तरात गेला. तेथील शिस्त येथेही उपयोगी पडते. समजा, हप्ता, विमा, कर व घसारा मिळून वर्षाचा ठरीव खर्च १,२०,००० रुपये आला. वर्षात ४० फेऱ्या झाल्यास प्रत्येक फेरीवर ३,००० रुपये बसतात. १२० फेऱ्या झाल्यास १,०००. डिझेल व चाकांची झीज यांहून निराळी. हा आकडा गावातील भाड्याच्या दराशी ताडून पाहावा. तसेच, लिटरला १२ ऐवजी १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावल्यास २०० लिटर तेल वाचविते. ९० रुपये भाव धरल्यास १८,००० रुपये. तीच गाडी ४,००० किलोमीटर धावल्यास बचत अवघी ६,०००. ज्याच्या फेऱ्या थोड्या, त्याने भाड्याची गाडी करणेच शहाणपणाचे.

४. कुटुंब. सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. लग्नकार्यास वा यात्रेस माणसे हौद्यात बसवून नेण्याची रीत आपल्याकडे फार आहे. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस संरक्षण आहे; वऱ्हाडी मंडळींस नाही. अपघात झाल्यास गेलेला जीव तर परत येत नाहीच, शिवाय भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडून वडिलार्जित शेतीही धोक्यात येते. म्हणून कुटुंबासाठी गाडी हवी असल्यास बोलेरो कॅम्परसारखी दुहेरी केबिनची गाडी पाहावी. तीत पाच माणसे बसतात व सुमारे एक टन माल जातो. हौदा मात्र आखूड मिळतो. केबिनमधील किती माणसांचा विमा उतरतो, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. घरात माणसे पाचांहून अधिक असल्यास प्रवासी गाडी भाड्याने करावी. हौदा हा मालासाठीच आहे.

५. कागदपत्र. हलक्या मोटारीचा परवाना असणारा मनुष्य एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. गाडी व माल मिळून वजन ३,००० किलोपर्यंत असल्यास वाहतूक परमिट लागत नाही. योग्यता प्रमाणपत्र मात्र लागते, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी. जुनी गाडी घेताना, सातबाऱ्यावरील इतर हक्कांत बोजा आहे काय हे आपण जसे पाहतो, तसेच नोंदणीपुस्तकात कर्जाची नोंद आहे काय ते पाहावे. असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला मिळवून ती नोंद कमी करविल्यावरच पैसे मोजावेत.

सारांश, मालाचे वजन, वर्षाच्या फेऱ्या आणि घरातील माणसे हे तीन आकडे कास्तकार बंधूंनी आधी कागदावर मांडावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी. शेजाऱ्याची गाडी पाहून घेतलेली गाडी हप्ता फिटेपर्यंत डोक्यावर असते. आपला हिशेब पाहून घेतलेली गाडी मात्र घरच्या बैलजोडीप्रमाणे उपयोगी पडते.