समत्व: दोन शर्यतींमधला एक तास

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात समत्वाला योग म्हटलंय. आपण त्याचा अर्थ लावतो, "जिंकलो काय, हरलो काय, सारखंच." खरंच तसं आहे का?

केटी लेडेकी ही अमेरिकन जलतरणपटू बघा. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला, वयाच्या १५व्या वर्षी, ८०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. २०१६ मध्ये रिओला २००, ४०० आणि ८०० मीटर, तिन्ही सुवर्णं तिचीच.

मग टोकियो, २८ जुलै २०२१. दोनच दिवसांपूर्वी ४०० मीटरमध्ये ती दुसरी आली होती. त्या सकाळी २०० मीटरमध्ये थेट पाचवी! आणि साधारण तासाभराने १५०० मीटरची फायनल. ५० मीटरच्या तलावात ३० लांब्या. महिलांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. केटीने ती जिंकली.

जिंकल्यावर तिचे डोळे भरून आले. म्हणजे मन दगड झालं नव्हतं. फक्त पाचव्या नंबरचं ओझं तिने पुढच्या शर्यतीत नेलं नाही. मला समत्व कळतं ते असं. ८०० मीटरचं सुवर्ण तर तिने पुढे २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग चार ऑलिंपिकमध्ये राखलं.

आपलं काय होतं? सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी बसली, की रात्री घरच्यांशीही आपण त्याच रागात बोलतो.

केटी शर्यतीआधी 'हेल मेरी' ही प्रार्थना म्हणते. तुमची प्रार्थना जी असेल ती आज दोन कामांच्या मध्ये एकदा म्हणा. मगच पुढच्या पाण्यात उतरा.