व्हिस्की शेवटी घाला

पांढरकवड्याची थंडी बाहेरच्या माणसाला पटवून देणं कठीण. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघणारं हे गाव डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगलंच कुडकुडतं. दुपारी स्वेटर अंगावर नकोसा होतो आणि दिवस मावळला की दहा मिनिटांत तोच शोधावा लागतो. थंडी कोरडी. ओठ फुटतात, घसा खवखवतो. कापसाची वेचणी सुरू असते, जिनिंगकडे गाड्या लागलेल्या असतात आणि चौकाचौकांत शेकोट्या पेटतात.

अशा संध्याकाळी मसाल्याच्या गरम पाण्यात थोडी व्हिस्की घालून प्यायची एक रीत आहे. इंग्रजीत तिला हॉट टॉडी म्हणतात आणि ती स्कॉटलंड-आयर्लंडची मानली जाते. पण लवंग, दालचिनी, मिरी, सुंठ हा सगळा ऐवज आपल्याच डब्यातला. मी गेले कितीतरी हिवाळे हे पेय करतो आहे. जो-तो कृती विचारतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. हे पिणाऱ्यांसाठी आहे. जो पीत नाही त्यानं सुरू करावं, असं यात काही नाही. शेवटचा मुद्दा तर खास त्याच्यासाठीच.

१. बाटली गावातूनच घ्या, सीलबंद घ्या

नागपूरला गेलो की चांगली बाटली घेऊन येऊ, असं अनेकांच्या मनात येतं. पण राष्ट्रीय महामार्ग ४४ जाम, हिंगणघाट, वडनेर असा वर्धा जिल्ह्यातून येतो आणि त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. दुसऱ्या बाजूला पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. तिकडची बाटली इकडे आणणं हाही गुन्हाच. त्यात राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं. तेव्हा परवानाधारक दुकानातून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

हातभट्टीचा तर विचारही करू नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. आपल्या शेजारच्या वणीत एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दुकानं बंद म्हणून, काही जण सॅनिटायझर प्यायले आणि जिवाला मुकले. विषारी दारूतलं मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही, वासावरूनही नाही.

२. महागडी व्हिस्की कपाटातच राहू द्या

बेंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट आणली, नंतर गोव्याची पॉल जॉन आली, आणि भारतीय व्हिस्कीकडे जग आदरानं बघू लागलं. अशी बाटली कुणी भेट दिली असेल तर ती थोड्या साध्या पाण्यासोबतच घ्यावी. लवंग आणि गूळ पडले की तिची बारीक चव हरवते आणि पैसे वाया जातात. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्या मळीच्या मद्यार्कात थोडी माल्ट मिसळून केलेल्या असतात. त्यांचा उग्रपणा मसाल्यानं झाकतो, पण सकाळचं डोकं झाकत नाही. मधल्या किमतीची घ्यावी. या पेयात व्हिस्की पाहुणी आहे, घर मसाल्याचं आहे.

३. खरी मेहनत पाण्यावर करा

दोन कपांसाठी तीनशे मिली पाणी घ्यावं. त्यात तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार-पाच मिरे, एक ठेचलेली विलायची आणि अंगठ्याच्या नखाएवढा अद्रकाचा तुकडा. आच मंद ठेवावी, वर झाकण ठेवावं, सहा-सात मिनिटं जाऊ द्यावीत. झाकण विसरू नये. मसाल्याचा सुवास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला, म्हणजे कपातला तेवढा कमी झाला.

लवंगेला हात आखडता असावा. तिच्यातल्या युजेनॉलनं जीभ बधिर होते. दाताच्या डॉक्टरकडे जो वास येतो तो हाच. तीनच्या सहा लवंगा झाल्या की पेयाला दवाखान्याची चव येते. दालचिनीही बघून घ्यावी. किराणा दुकानात बहुतेक वेळा जाड सालीची कॅसिया मिळते. ती झणझणीत असते, म्हणून तुकडा लहानच ठेवावा. श्रीलंकेची दालचिनी पातळ असते, तिचे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात आणि ती बोटांनी सहज मोडते. ती मिळाली तर तुकडा दुप्पट घेतला तरी चालतो.

अद्रक आणि सुंठ यांतही फरक आहे. अद्रक वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. म्हणून सुंठ चिमूटभर पुरते आणि तिची धग घशाखाली उतरते. अद्रकाचा तिखटपणा ताजा, जिभेवरचा. खूप थंडी असेल त्या दिवशी मी दोन्ही घालतो.

४. लिंबाआधी संत्र्याकडे बघा

विलायती कृतीत लिंबू असतं. आपण संत्र्याच्या मुलखातले. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. एक संत्रं स्वच्छ धुऊन सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग सुरीनं पातळ काढावा. आतला पांढरा थर कडू असतो, तो येऊ देऊ नये. गॅस बंद केला की सालीच्या दोन पट्ट्या मुरडून पाण्यात टाकाव्यात आणि दोन मिनिटं झाकावं. मुरडताना सालीतून तेलाचे बारीक तुषार उडतात. दिव्यापुढे धरलंत तर दिसतीलही. सगळी गंमत त्यात आहे. साल उकळत्या पाण्यात टाकली तर ती गंमत जाते आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.

आंबटपणासाठी लिंबाचा अर्धा चमचा रस अगदी शेवटी, कपात पिळावा. लिंबू पडणारं काहीही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नये. स्टीलचं पातेलं बरं.

५. गूळ काळसर घ्या, मोहफूलही करून बघा

साखरेनं हे पेय गोड होतं आणि तिथंच थांबतं. काळसर गुळाला स्वतःची चव असते, ती व्हिस्कीच्या लाकडी वासाशी जमते. पिवळाधमक देखणा गूळ टाळावा, तो बहुधा रसायनानं उजळलेला असतो. सुपारीएवढा खडा दोन कपांना पुरतो. गूळ विरघळला की पाणी गाळून घ्यावं, तळाशी कचरा राहतोच.

आमच्या भागाचा एक प्रयोग सांगतो. केळापूर तालुक्यातल्या कोलाम आणि गोंड वस्त्यांवर मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचतात आणि वाळवून वर्षभर ठेवतात. मोह म्हटला की लोकांना फक्त दारू आठवते. खरं तर वाळलेलं फूल मनुकेसारखं गोड असतं, आणि घरोघर ते भाजून, उकडून खाल्लं जातं. सात-आठ फुलं धुऊन, आतले केसर झटकून मसाल्यासोबत पाण्यात टाकली तर गूळ अर्धाच लागतो. वास थोडा रानटी येतो. कुणाला तो आवडतो, कुणी कप बाजूला ठेवतो. पाहुण्यांना आधी विचारून घ्यावं.

६. व्हिस्की गॅसवर चढवू नका

सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. लोक चहासारखं सगळं एकत्र उकळतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणून उकळलं की ते उडून जाईल आणि पेय सौम्य होईल, अशी समजूत असते. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल इतक्या सहज जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पंधरा मिनिटं शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के मागे उरतं, तासाभरानंतर २५ टक्के. सुवास मात्र पहिल्याच दोन मिनिटांत गेलेला असतो. म्हणजे वास गेला, नशा उरली. वर पातेल्यातल्या वाफेला आग लागायचा धोका वेगळाच.

म्हणून क्रम असा: कप गरम पाण्यानं धुऊन ऊबदार करावा, त्यात व्हिस्की मोजून घ्यावी आणि गाळलेलं मसाल्याचं पाणी दोन मिनिटं निववून वर ओतावं. ओतताना चेहरा कपावर आणू नये. पहिल्या वाफेसोबत मद्यार्क नाकात जातो आणि ठसका लागतो. कप चिनी मातीचा, कानाचा असावा. स्टीलच्या पेल्यानं ओठ पोळतात, आणि थंड काच गरम पाण्यानं तडकू शकते.

७. मोजायला औषधाचं टोपण घ्या

आपल्याकडे व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीत जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १२० मिली मसाल्याच्या पाण्यात ते मिसळलं की पेय साडेआठ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे स्ट्राँग बिअरपेक्षाही थोडं कडक. पण गरम आणि गोड असल्यामुळे ते जाणवत नाही. खाकरत, तोंड वाकडं करत पिणारा माणूसही हे सरबतासारखं संपवतो. म्हणून अंदाजपंचे ओतू नये. कपाला तीसच मिली, आणि बाटली परत कपाटात ठेवूनच बसायला यावं.

८. प्यायल्यानं थंडी जात नाही

शेजारचा एक शेतकरी पोरगा रानडुकरं आणि रोही हाकायला रात्री जागलीला जातो. तो म्हणाला, "काका, दोन घोट मारले का थंडी पयते." त्याला समजावलं ते असं. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त अंगाच्या पृष्ठभागावर येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते. शिवाय कुडकुडणं मंदावतं, आणि कुडकुडणं हीच तर अंगाची शेगडी. उघड्या मचाणावर पिऊन झोपलेला माणूस न प्यायलेल्यापेक्षा लवकर गारठतो.

दुसरं, हा टिपेश्वर अभयारण्याचा शेजार आहे. २०१८ मध्ये टी-१ म्हणजे अवनी या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीचे दिवस पांढरकवडा-राळेगावच्या शिवारानं पाहिले आहेत. अशा ठिकाणी जागल्याचं डोकं जागेवर हवं. त्याला मी मसाल्याचं पाणी थर्मासमध्ये भरून द्यायला लागलो, बिनव्हिस्कीचं. हे पेय घरात, दार लावून, नंतर कुठंही जायचं नसताना प्यायचं. मोटारसायकलची किल्ली खिशात असेल तर अजिबात नाही.

९. सर्दीवर औषध म्हणून देऊ नका

वाफेनं नाक मोकळं होतं, गरम पाण्यानं घसा शेकतो, अद्रकानं बरं वाटतं. यातलं एकही काम व्हिस्कीचं नाही. उलट ताप-सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, त्याच्यासोबत पिणं यकृताला जड जातं. सर्दीच्या ज्या औषधांनी गुंगी येते, ती दारूसोबत दुप्पट गुंगवतात. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलवर प्यायलं तर उलट्या आणि धडधड सुरू होऊ शकते. मधुमेहाच्या इन्सुलिनवर असणाऱ्याची साखर एकदम खाली येऊ शकते. आणि लेकराला थंडी बाधली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजायची जुनी खोड जिथं असेल, तिथं ती आजच मोडावी.

१०. चखण्याला तुरीच्या शेंगा उकडा

तळलेलं, खारट काही ठेवलं की तहान लागते आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. या दिवसांत तुरीच्या हिरव्या शेंगा ढिगानं येतात. मीठ घालून उकडाव्यात आणि ताट मध्ये ठेवावं. शेंग सोलायची, दाणे तोंडात टाकायचे, टरफल बाजूला. हात गुंतलेले राहतात, गप्पा लांबतात आणि एक कप तासभर पुरतो. शेतात असाल तर पराटीच्या जाळावर वांगी भाजावीत, पण तिथं थर्मासवालंच पेय न्यावं.

११. घरच्यांचा कप आधी भरा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारूनं उजाड झालेली घरं मी पाहिली आहेत. बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आणि जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरणाऱ्या बायांचा राग मला कळतो. म्हणून आमच्या घरी पातेलं सगळ्यांचं एकच असतं. मसाला, गूळ, संत्र्याची साल असं पाणी तयार झालं की पहिले कप न पिणाऱ्यांचे भरायचे. त्यांनी चव बघून सांगायचं: तिखट कमी, गूळ जास्त, काय असेल ते. त्यांना पसंत पडलं तरच पिणाऱ्यांच्या कपात व्हिस्की पडते. बिनव्हिस्कीचं पाणी ज्याला बेचव लागतं, त्याला थंडीचं पेय नको आहे, नुसती व्हिस्की हवी आहे. त्याला त्या दिवशी माझ्याकडून शेंगा मिळतात.