आजीच्या वर्षश्राद्धाआधी

लेकरांनो, घरातली म्हातारी गेली की तेरवीच्या आत पत्रिका छापून येते. वर फोटो, खाली 'प्रेमळ, कष्टाळू, पतिपरायण'. यातला एकही शब्द खोटा नसतो, पण नांदेडच्या आजीला जे लिहितात तेच लातूरच्या आजीलाही लिहितात. ऐंशी-नव्वद वर्षं जगलेल्या बाईबद्दल त्यातून काही कळत नाही. म्हणून वर्षश्राद्धापर्यंत तिच्यावर एक पुस्तिका करून ठेवा. ती कशी करायची, ते सांगते.

आधी जन्मसाल. आधार कार्डावर १ जानेवारी असेल तर ते कुणीतरी अंदाजानं टाकलंय असं धरून चाला. त्या पिढीतल्या लेकीबाळींचा जन्म आपल्याकडे फारसं कुणी लिहून ठेवलाच नाही. मग खुणा लावायच्या. रझाकारांच्या धामधुमीत ती केवढी होती? अंगावर पीत होती, परकरात होती, की लग्न झालं होतं? हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, ती खूण पक्की. त्या दिवसांत कित्येक घरांनी बाया-लेकरं सरहद्दीपलीकडे, बार्शी-सोलापूरकडे नाहीतर उमरखेडकडे हलवली होती. तिच्या माहेरचे तेव्हा कुठं होते, हे तिच्या भावंडांना विचारा, कुणी उरलं असेल तोवरच. दुसरी खूण १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेली होती का, मिलोची भाकर तिनं कशाशी खाल्ली, तेव्हा कडेवर कोणतं लेकरू होतं? तिसरी खूण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसं झोपली आणि किल्लारीचा भूकंप झाला. औसा-निलंग्याच्या कितीतरी म्हाताऱ्या पुढं कैक महिने भिंतीच्या आडोशाला झोपायला तयार नव्हत्या. तुमची त्यातली असेल तर ते लिहा.

कागद शोधताना एक लक्षात ठेवा. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, त्याआधीचं पुष्कळसं उस्मानाबादच्या नावानं सापडेल. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. निजामाच्या काळातल्या कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, फार तर एखादं वर्ष इकडंतिकडं. आणि शोधताना माहेरचं नाव हाताशी ठेवा. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि नातवंडांना आजीचं पहिलं नाव ठाऊकच नसतं. पुस्तिकेत दोन्ही नावं घाला, माहेरचं आधी.

आता स्वयंपाक. इथं मात्र घाई करू नका. आमच्या थोरल्या जाऊबाईंची येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, भज्जी सगळ्या भावकीत नावाजलेली. माप विचारलं की म्हणायच्या, "अंदाजानं." मग एका येळवशीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ काटा घेऊन बसले. म्हटलं, "बाई, तुम्ही नेहमीसारखंच घ्या, फक्त पातेल्यात टाकायच्या आधी ताटलीत टाका." तुरीचे सोले, हिरवा हरभरा, वालाचे दाणे, पालेभाजी, आंबट ताकात कालवलेलं बेसन, सगळं मुठीमुठीनं काट्यावर चढलं. बेसनाची त्यांची मूठ माझ्या मुठीपेक्षा बरीच मोठी निघाली. इतकी वर्षं माझी भज्जी पातळ का होत होती, ते त्या दिवशी कळलं. आंबिलीचंही तसंच लिहून घेतलं, ताक किती आंबलेलं, लसूण कधी ठेचायचा, सगळं. तुमची आजी आता नाही, तेव्हा तिच्या हाताखाली तयार झालेली लेक किंवा सून गाठा आणि तिची मूठ मोजा.

ओव्यांचं पण असंच. आजीबरोबर दळलेल्या म्हातारीला खुर्चीवर बसवून, समोर मोबाईल धरून "आजी, ओवी म्हण" म्हटलं तर चार ओळी येतील आणि थांबतील. जात्यावर बसलं की ओवी सुचते, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. जातं पुसून मांडा, मूठभर ज्वारी घाला, जोडीला तिच्या वयाची शेजारीण बसवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशाच एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या घरच्या पन्नास जमल्या तरी पुष्कळ. त्यात भावाचं, लेकाचं, गावाचं नाव येतं, ते नीट टिपून घ्या.

'पतिपरायण' लिहिणारच असाल तर पुढं दोन ओळी वाढवा. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात रात्री कोण उठायचं? गोळ्यांच्या वेळा कोणाच्या ध्यानात होत्या? लेकराच्या फीचे पैसे शेळी विकून आले, की दुधाच्या रतिबातून, की गोधड्या शिवून? नवऱ्याच्या पगारावर घर चाललं असं सगळे सांगतील. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते कशावर चाललं, हे फक्त तिलाच माहीत होतं. सुनांना विचारा, त्यांनी पाहिलेलं असतं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. तेरवीला जमलेल्या लेकींपुढं हक्कसोडपत्राचा कागद ठेवू नका. दुःखात बाई कुठंही सही करते. आजीच्या स्वतःच्या नावावरच्या जमिनीत आणि दागिन्यांत कायद्यानं लेकाइतकाच लेकीचा वाटा आहे. सोडायचा असेल तर ती नंतर, शांतपणे, आपल्या मनानं सोडेल. पंचमीला आणि दिवाळीला लेकींना मूळ धाडायची रीत आजीनं जन्मभर पाळली, ती आता भावांनी चालू ठेवायची. तिच्या नावानं मंदिराला पंखा देण्याआधी हे करा.

सुरुवात थोरल्या लेकीपासून करा. तिला आजच फोन लावा आणि चार दिवस मुक्कामालाच बोलवा.